शुश्रूषागृह कसे पारखावे?



बैल विकत घ्यायचा असला म्हणजे आपण काय करतो? त्याचे दात पाहतो. खूर पाहतो. चार पावले चालवून पाहतो. मासळी घ्यायची असली म्हणजे कल्ला उचलून पाहतो. कल्ला लाल असला तर मासळी ताजी. काळपट पडला असला तर शिळी. कोळीण कितीही गोड बोलो, कल्ला पाहिल्याशिवाय आपण कनवटीचा पैसा काढत नाही.

आणि घरचे माणूस आजारी पडले म्हणजे? तेव्हा मात्र आपण काहीच पाहत नाही. कोणीतरी सांगतो, "अमक्या नर्सिंग होममध्ये न्या." आपण नेतो. दाराला काच असते. फरशी गुळगुळीत असते. आत गार हवा असते. आपण म्हणतो, "जागा भारी आहे हो!" आणि जन्मदात्या आईला तिथे ठेवून येतो.

बैलाची पारख केली, मासळीची पारख केली. आईला जिथे ठेवायचे त्या जागेची पारख केली नाही. हे बरे नव्हे. म्हणून आज आपण त्या पारखीविषयीच बोलणार आहोत.

आम्ही कुठून बोलतो?

आम्ही मुंबईत शीव कोळीवाड्यात राहतो. शीव म्हणजे वेस, गावाची हद्द. मुंबई बेट पूर्वी इथे संपत असे. खाडीपलीकडे साष्टी. कोळ्यांची ही जुनी वस्ती. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा पंजाब-सिंधकडून आलेल्या निर्वासितांनाही याच भागात आसरा मिळाला.

त्याच १९४७ साली इथल्या लष्करी बराकींत अवघ्या ५० खाटांचे एक रुग्णालय सुरू झाले. आज ते मुंबई महापालिकेचे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. लोक त्याला सायन हॉस्पिटल म्हणतात. कसारा-कर्जतकडचा रोगी शीव स्टेशनात उतरतो. पनवेलकडचा रोगी गुरू तेगबहादूर नगरला उतरतो. या स्टेशनाचे जुने नाव कोळीवाडा. गाठोडे, एक्स-रेचा लिफाफा आणि भेदरलेला चेहरा घेऊन आलेली माणसे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

मोठ्या रुग्णालयात गर्दी फार. कुणाला खाट मिळत नाही. कुणाला गर्दीचीच धास्ती वाटते. मग माणसे खासगी नर्सिंग होम शोधू लागतात. तुमच्या तालुक्याच्या गावीही आता अशी नर्सिंग होम झाली आहेत. काही फार चांगली आहेत. काही तशी नाहीत. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. हीच खरी अडचण आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. अपघात झाला, छातीत कळ आली, सापाने दंश केला, बाळंतीण अडली, तर पारख करीत बसू नका. १०८ नंबर फिरवा. सरकारी रुग्णवाहिका फुकट मिळते. ती येईपर्यंत जवळच्या डॉक्टरांना हाक मारा. आधी जीव वाचवा. आमचे आजचे बोलणे आहे ते पुढच्या दिवसांविषयी. रोगी चार दिवस, पंधरा दिवस, महिनाभर खाटेवर पडून राहणार असतो, त्या दिवसांविषयी.

शब्दातच अर्थ आहे

नर्सिंग होमला मराठीत शुश्रूषागृह म्हणतात. सरकारी कागदांत हाच शब्द येतो. शब्द उच्चारायला जड आहे, पण त्याचा अर्थ ऐका. शुश्रूषा म्हणजे सेवा हे आपण जाणतो. पण या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ आहे 'ऐकण्याची इच्छा'. जो दुसऱ्याचे मन लावून ऐकतो, तोच त्याची सेवा करू शकतो. किती खरे आहे! रोगी म्हणतो, "तहान लागली." कोणी ऐकले तर पाणी मिळते. रोगी म्हणतो, "पाठ भाजल्यासारखी होते." कोणी ऐकले तर पाठ पाहिली जाते. ऐकणारा कोणी नसेल, तर संगमरवरी फरशी काय उपयोगाची?

आपल्याकडचा एक फार जुना वैद्यकग्रंथ आहे, चरकसंहिता. त्यात म्हटले आहे की उपचाराचे पाय चार: वैद्य, औषध, सेवा करणारा आणि स्वतः रोगी. एक पाय लुळा पडला तर खाट कलंडते. सेवा करणाऱ्यालाही तिथे वैद्याच्या पंक्तीला बसवले आहे. आणि त्याचे चार गुण सांगितले आहेत. सेवा कशी करायची याचे ज्ञान. कामात दक्षता. रोग्याविषयी माया. आणि स्वच्छता.

ज्ञान, दक्षता, माया, स्वच्छता. दोन हजार वर्षांत औषधे बदलली, यंत्रे आली. पण शुश्रूषागृह पारखायला हे चार शब्द आजही पुरेसे आहेत. एकेक घेऊ. मात्र त्याआधी भिंतीवरचे वाचायचे आहे.

आधी भिंत वाचा

तुम्ही आता वाचायला शिकलात. मग दारात शिरताच पहिले काम वाचण्याचे.

शुश्रूषागृहांची सरकारदरबारी नोंदणी व्हावी असा कायदा आपल्याकडे १९४९ सालापासून आहे. नोंदणी झाली की दाखला मिळतो. हा दाखला सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेला असला पाहिजे. तो शोधा. त्यावर नाव तेच आहे का, आणि मुदत सरलेली नाही ना, ते वाचा. दाखला नसेल तर विचारा. "साहेबांच्या कपाटात आहे," असे उत्तर आले, तर सावध व्हा. दाखला कपाटात ठेवण्यासाठी नसतो.

२०२१ साली या कायद्याच्या नियमांत सुधारणा झाली. आता रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दरपत्रक म्हणजे कशाला किती पैसे पडतील त्याचा तक्ता. खाटेचे रोजचे किती, डॉक्टरांच्या भेटीचे किती, नर्सचे वेगळे लावतात का, हे त्यावरून कळते. पटापट वाचता आले नाही तरी लाजू नका. एकेक अक्षर लावून वाचा. आकडे वहीत उतरवून घ्या. तुमच्या हातात वही दिसली की बोलणाराही जपून बोलतो.

पहिली पारख: ज्ञान

सेवा करायला चांगले मन लागते, पण नुसते मन पुरत नाही. इंजेक्शन कुठे द्यायचे, सलाईनची धार किती ठेवायची, श्वास लागलेल्या माणसाला कसे बसवायचे, हे शिकावे लागते.

शिकून तयार झालेल्या नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते. मावशी, आयाबाई, वॉर्डबॉय यांचे काम वेगळे. ते कामही मोलाचे आहे, त्यांच्यावाचून वॉर्ड चालत नाही. पण मावशींना पांढरा कोट घालून इंजेक्शन द्यायला लावणे हा रोग्याशीही अन्याय आणि मावशींशीही अन्याय. म्हणून सरळ विचारा, "सिस्टर, दिवसा शिकलेल्या नर्स किती असतात? रात्री किती? खाटा किती?" रात्रीचा आकडा नीट ऐका. डॉक्टर रात्री तिथेच असतात की बोलावल्यावर येतात, हेही विचारा. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा कोणाला राग येत नाही.

ज्ञान आहे की नाही, ते दोन-तीन साध्या गोष्टींवरूनही दिसते. औषध देण्यापूर्वी नर्स रोग्याचे नाव विचारते का? विचारत असेल तर चांगले. दोन खाटांवर एकाच नावाची माणसे असू शकतात. झोपून असलेल्या रोग्याला भरवताना त्याचे डोके आणि छाती उंच करतात का? आडवे ठेवून भरवले तर अन्न श्वासनळीत जाते, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. लघवीची नळी लावली असेल, तर तिची पिशवी कंबरेच्या खाली टांगलेली असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी. पिशवी वर उचलली तर घाण लघवी उलट आत जाते. हे तुम्ही पाहू शकता. याला डॉक्टरकी लागत नाही.

दुसरी पारख: दक्षता

दक्षता म्हणजे वेळच्या वेळी, न विसरता काम करणे. ही पारख सर्वांत महत्त्वाची. तिच्यासाठी एक खरी हकिगत सांगतो.

आमच्या ओळखीच्या एक म्हाताऱ्या बाई पडल्या. कंबरेचे हाड मोडले. मुलाने त्यांना एका नर्सिंग होममध्ये ठेवले. जागा टापटीप होती. शस्त्रक्रियाही चांगली झाली. पण म्हातारीला कूस बदलता येईना. सून दिवसा नोकरीला जायची आणि रात्री सोबतीला बसायची. पाचव्या रात्री म्हातारी कण्हू लागली. सुनेने चादर बाजूला करून पाहिले. माकडहाडावरची कातडी काळी-निळी पडून फाटली होती.

या जखमेला डॉक्टर बेडसोर म्हणतात. रोगी एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिला की हाडावरच्या कातडीला रक्त पोहोचत नाही. ती आतून सडू लागते. माकडहाड, टाचा, खुबे, खांदे या जागी ती होते. ओल्या चादरीने आणखी लवकर होते. जखम वाढली तर हाडापर्यंत जाते आणि पू रक्तात भिनून माणूस दगावतोसुद्धा. आणि हे टाळायचे कसे? साधारण दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची. चादर कोरडी आणि बिनसुरकुतीची ठेवायची. टाचांखाली उशी द्यायची. कातडी रोज पाहायची. एवढेच. याला फार खर्च येत नाही. लागतात ते हात आणि लक्ष.

ही सून प्रौढ वर्गात लिहायला-वाचायला शिकली होती. खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगला होता. तिने तो हातात घेतला आणि बोट ठेवून वाचला. रात्री १० वाजता कूस बदलली, बरोबरची खूण. १२ वाजता कूस बदलली, खूण. २ वाजता, खूण. आता घड्याळात पावणेदोन वाजले होते. दोनची खूण आधीच झाली होती! आणि १० वाजल्यापासून ती स्वतः तिथे जागी बसलेली होती. कोणीही आले नव्हते.

ती भांडली नाही. तिने तक्त्यावरच्या वेळा आणि घड्याळातली वेळ आपल्या वहीत लिहिली. सकाळी मोठे डॉक्टर आले, तेव्हा तिने वही आणि तक्ता दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. म्हणाली, "साहेब, हे वाचा आणि मग आईंची पाठ पाहा." त्या दिवसापासून कूस खरोखर बदलू लागली. ज्या दोन मुलींवर रात्रीचा सगळा मजला टाकलेला होता, त्यांच्या मदतीला तिसरी आली. म्हातारीची जखम भरायला तीन महिने लागले. हाड त्याच्या आधी जुळले होते!

मंडळी, ही गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. शिकलेला मुलगा बिल भरत होता आणि फरशी पाहून समाधानी होता. सुनेने कागद वाचला, आणि कागद व माणूस यांचा मेळ घातला. हीच खरी तपासणी. कागदावर खूण आहे, पण पाठीवर जखम आहे, तर खरे कोण बोलते? पाठ खरे बोलते.

दक्षतेची आणखी एक सोपी परीक्षा आहे. खाटेजवळ घंटा असते. रोग्याने घंटा दाबली की कोणी किती वेळात येते, ते घड्याळात पाहा. दिवसा पाहा आणि रात्रीही पाहा. घंटा रोग्याच्या हाताला लागते का, हेही पाहा. पाण्याचा पेला हाताला लागतो का? आम्ही असा एक वॉर्ड पाहिला आहे, जिथे पाणी भरून ठेवलेले होते, पण खाटेपासून चार हात लांबच्या टेबलावर. ज्याला उठता येत नाही त्याला ते पाणी नसल्यासारखेच.

लिहून ठेवण्याचे महत्त्व किती असते पाहा. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही इंग्रज बाई जखमी शिपायांच्या सेवेला तुर्कस्तानात गेली. तिथे गोळीच्या जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त शिपाई मरत होते. तिने नुसती सेवा केली नाही. कोण कशाने मेले, किती मेले, त्याचे आकडे नोंदवून ठेवले आणि पुढे सरकारपुढे चित्राच्या रूपाने मांडले. रडून जे झाले नसते, ते आकड्यांनी झाले. लष्करी रुग्णालये सुधारावी लागली. तुमची वहीही तेच काम करू शकते.

तिसरी पारख: माया

माया मोजता येत नाही असे लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, दिसते तरी खास.

नर्स रोग्याला नावाने किंवा आजी, काका, ताई म्हणून हाक मारते, की 'सात नंबर' म्हणते? अंग पुसताना, बेडपॅन देताना पडदा ओढतात का? म्हाताऱ्या माणसाला सर्वांपुढे उघडे केले तर त्याला जखमेपेक्षा ते जास्त लागते. स्त्री रोग्याला पुरुष डॉक्टर तपासत असेल, तर जवळ दुसरी स्त्री असते का? तो तिचा हक्क आहे. जेवणाचे ताट ठेवून निघून जातात, की ज्याला हात हलत नाही त्याला भरवतात? ताट भरलेले परत जाते का, ते पाहा. परत जाणारे ताट पुष्कळ काही सांगते.

कधी कधी रोगी भ्रमात असतो. नळ्या उपटतो. मग त्याचे हात बांधतात. काही वेळा ते जरूर असते. पण डॉक्टरांनी सांगितले आहे का, का बांधले, किती वेळ बांधले, ते विचारा. गोंधळ नको म्हणून म्हाताऱ्याला दिवसभर बांधून ठेवणे किंवा झोपेच्या गोळ्या देऊन पाडून ठेवणे, ही शुश्रूषा नव्हे.

आणि रोग्याला स्वतःला विचारा. एकटे असताना विचारा. "इथे बरं वाटतं का? रात्री कोणी येतं का? कोणी रागावतं का?" बोलता येत नसेल तर तोंडाकडे पाहा. ओठ सुकलेले आहेत का? नखे वाढली आहेत का? कोणी जवळ आले की तो दचकतो का?

आजकाल शहरात म्हाताऱ्या माणसांना महिनोन् महिने ठेवून घेणारी घरेही निघाली आहेत. तिथे तर मायेची पारख आधी करावी, कारण तिथे रोज पाहणारे घरचे कोणी नसते. वृद्ध माणसांना मदत मागण्यासाठी १४५६७ हा सरकारी फोन आहे. तो नंबर घरातल्या वडीलधाऱ्यांना लिहून द्या.

चौथी पारख: स्वच्छता

स्वच्छता नाकाने पारखा. वॉर्डात शिरताच लघवीचा वास येतो का? मग संडास पाहा. पुढची खोली कोणीही चकचकीत ठेवतो. खरी स्वच्छता संडासात आणि खाटेखाली दिसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हात. डॉक्टर आणि नर्स एका रोग्याला हात लावून दुसऱ्याकडे जाताना हात धुतात का? हातमोजे बदलतात का? इंजेक्शनची सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढतात का? वापरलेली सुई जाड पांढऱ्या डब्यात टाकतात का? रक्ताने भरलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत जायला हव्यात. रोजच्या केराच्या बादलीत त्या दिसल्या, तर समजा की इथे नियम पाळत नाहीत.

हाताच्या स्वच्छतेने काय होते, हे आमच्या शीवलाच दिसले आहे. सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस या नवजात बालकांच्या विभागाच्या प्रमुख होत्या. अपुऱ्या दिवसांची, मूठभर वजनाची बाळे तिथे येत. कितीतरी बाळे जंतू लागून दगावत. महागडी यंत्रे आणायला पैसा नव्हता. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी साध्या गोष्टींवर भर दिला. बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुणे. वरच्या दुधाऐवजी आईचे दूध. आणि आईला बाहेर न बसवता वॉर्डात घेऊन तिच्याच हाताने बाळाची सेवा. बाळे वाचू लागली. ज्या बाळांना आईचे दूध मिळत नाही, त्यांच्यासाठी १९८९ साली तिथे मातेच्या दुधाची पेढी सुरू झाली. आशिया खंडातली ती पहिली मानली जाते.

यातून काय घ्यायचे? गरीब आणि गर्दीच्या रुग्णालयातही उत्तम शुश्रूषा होऊ शकते. पैसा लागतोच, पण पैशाआधी शिस्त लागते. म्हणून 'महाग तेच चांगले' हा समज सोडून द्या. आणि 'सरकारी ते वाईटच' हाही समज सोडून द्या. दोन्हीकडे त्याच चार पारखी लावा.

आगीचा रस्ता

एक गोष्ट चार शब्दांत बसत नाही, पण ती विसरून चालणार नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात आग लागली. १० बाळे गेली. खाटेवरचा रोगी पळू शकत नाही. म्हणून आत जाताना बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोठे आहे, ते पाहून ठेवा. तो जिना मोकळा आहे का? की तिथे जुन्या खाटा, खोकी आणि सिलिंडर रचून ठेवले आहेत? दाराला कुलूप आहे का? भिंतीवरच्या लाल नळकांड्यावर मुदत लिहिलेली असते. तीही वाचा.

कधी जावे?

आम्ही आयुष्यभर शाळेत काम केले. तपासणीचे साहेब येणार असे कळले की त्या दिवशी सगळ्या शाळा चांगल्या असत. भिंती झाडलेल्या, फळे पुसलेले, मुले गणवेशात. शाळा खरी पाहायची तर न कळवता जावे लागे. शुश्रूषागृहाचेही तसेच. दुपारी ४ वाजता, भेटीच्या वेळी सगळे ठीकठाक असते. तुम्ही जेवणाच्या वेळी जा. रविवारी जा. सोबतीला राहायची परवानगी असेल तर रात्री जागून पाहा. शक्य असेल तर आधी तिथे राहून आलेल्या दोन-तीन माणसांना विचारा. डॉक्टरांविषयी विचारू नका, रात्रीविषयी विचारा.

पैसा आणि तक्रार

खर्चाचा अंदाज आधी लेखी मागा. बिल आले की एकेक ओळ वाचा आणि दरपत्रकाशी ताडून पाहा. रोग्याच्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचाही हक्क आहे. पैसे राहिले म्हणून रोग्याला अडकवून ठेवता येत नाही, मृतदेहही अडवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे सांगितले आहे. याचा अर्थ पैसे बुडवावेत असा नव्हे. देणे ते द्यायचेच. पण माणूस गहाण पडत नाही.

मोठी धर्मादाय रुग्णालये असतात, म्हणजे ट्रस्टची. त्यांना १० टक्के खाटा अगदी गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही योजना घालून दिली. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड जवळ ठेवा आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

काही चुकले तर पहिल्यांदा सिस्टरना सांगा. मग मोठ्या डॉक्टरांना सांगा. तरी ऐकले नाही तर लेखी तक्रार करा. मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयात आरोग्य अधिकारी असतात. शीव भागासाठी ते एफ उत्तर विभागाचे. गावाकडे जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ सालचा निकाल आहे. तेव्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे.

पण एक ध्यानात धरा. आरडाओरडा करू नका. कुणाच्या अंगावर धावून जाऊ नका. काचा फोडून कोणाचा रोग बरा झालेला नाही. रात्रपाळीची नर्स म्हणजे कुणाची तरी लेक असते. तिच्यावर वीस रोग्यांचा भार टाकला असेल, तर दोष तिचा एकटीचा नाही. ज्याने दोघींचे काम एकीवर टाकले, त्याला विचारा. आणि काम चांगले झाले तर तेही बोलून दाखवा. "सिस्टर, तुम्ही रात्री आलात, आईंना फार बरं वाटलं," एवढे म्हटले तरी त्या बाईच्या अंगात आणखी एका पाळीचे बळ येते.

आपलेही काही कर्तव्य आहे. डॉक्टरांनी मना केलेला पदार्थ डब्यातून चोरून नेऊ नये. चप्पल घालून रोग्याच्या अंथरुणावर बसू नये. आपण स्वतः हात धुवावेत. दहा जणांनी एकदम भेटीला जाऊ नये. रोज एकाने पाळीपाळीने जावे. ज्या रोग्याकडे रोज कोणीतरी येते, त्याच्याकडे वॉर्डाचेही लक्ष जास्त असते. हा जगाचा रिवाज आहे, तो आपण ओळखून असावे.

वहीत लिहा

आता आजचे सगळे थोडक्यात सांगतो. सावकाश लिहून घ्या.

१. नोंदणीचा दाखला, रुग्णहक्कांची सनद, दरपत्रक भिंतीवर आहे का?

२. रात्री शिकलेल्या नर्स किती? डॉक्टर आहेत का?

३. घंटा वाजवल्यावर किती मिनिटांत कोणी आले?

४. दर दोन तासांनी कूस बदलली का? पाठ, माकडहाड, टाचा आज पाहिल्या का?

५. पाणी हाताला लागते का? जेवण पोटात गेले का?

६. हात धुतले का? सुई नवी होती का? संडास कसा होता?

७. रोग्याशी कसे बोलले?

८. आगीच्या वेळचा रस्ता मोकळा आहे का?

पानावर डावीकडे तारीख आणि वेळ लिहा. समोर जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा. ऐकीव लिहू नका. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. त्या सुनेचेही अक्षर काही मोत्याचे दाणे नव्हते. पण तिने '१० वाजल्यापासून कोणी आले नाही' एवढे पाच शब्द लिहिले, आणि एका म्हातारीची पाठ वाचली.

वही आजच घ्या, घरात कोणी आजारी नसताना. पहिल्या पानावर हे आठ प्रश्न उतरवा आणि १०८ व १४५६७ हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहा. ती वही रेशन कार्डाशेजारी ठेवा. तिची गरज कधीच न पडो. पण पडली, तर घरातल्या कोणालाही ती चटकन सापडली पाहिजे.